मागच्या चाकाचा आऊट

संग्रहालयातल्या सायकलीपुढच्या पाटीवर चार ओळी होत्या. धाकटीने त्या वाचल्या, चष्मा पुसला आणि परत वाचल्या.

‘घाटाच्या शर्यतीतील सायकल. बांधल्यापासून चाळीस वर्षांत चाकांचा आऊट (वाकडेपणा) एकदाही काढावा लागलेला नाही. आजही चाक रेषेत फिरते. कारागीर : वस्ताद.’

वस्ताद म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो शेजारीच उभा होता, नव्या कोटात, छातीवर उद्घाटनाच्या पाहुण्यांचा बिल्ला लावून. धाकटी बहात्तरची झाली तरी घरात ती धाकटीच. त्यांच्या सायकलच्या दुकानात भाऊ पुढे बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि मागच्या खोलीत ही चाकं बांधायची. एकूण एक चाक. भावाला पंक्चर उत्तम काढता यायचं, त्यात वाद नाही.

“दादा, हे काय आहे?”

“अगं, त्यांनीच लिहिलंय. मी कुठे सांगायला गेलो होतो?”

“मग ‘मी नाही’ असं का म्हणाला नाहीस?”

दादाने घसा खाकरला. “बाईच्या हातचं चाक म्हटल्यावर तेव्हा एक गिऱ्हाईक फिरकलं नसतं. माहीत आहे ना तुला?”

“तेव्हाचं विचारत नाही मी. आजचं विचारतेय.”

दादा छताला टांगलेल्या लाकडी सायकलीकडे बघायला लागला. ती तितकी बघण्यासारखी नव्हती.

संग्रहालयाची प्रमुख तरुण होती आणि फार गोड बोलायची. धाकटीचं तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आजी, आम्ही दुकानाच्या जुन्या कागदांवरून नोंद केलीय. तुमचं काही म्हणणं असेल तर अर्ज द्या. समिती विचार करेल.”

घ्या. बहात्तराव्या वर्षी स्वतःच्या हातांसाठी अर्ज. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. इतकी वर्षं नुसतं वाईट वाटून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ती सायकलीभोवतीच्या दोरीखालून वाकून आत शिरली. पिशवीतून तिने स्पोक कसायची चावी काढली. घराची किल्ली ती चारदा विसरली असेल, ही कधीच नाही. सायकल स्टँडवर होती, मागचं चाक अधांतरी. तिने ते फिरवलं. ब्रेकच्या दोन रबरांमधून रिम सरळ पळत राहिली, इकडे नाही की तिकडे नाही. क्षणभर तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग चाक थांबवून तिने एका बाजूचे तीन स्पोक ढिले केले आणि परत फिरवलं. आता चाक लचकत होतं. प्रत्येक फेऱ्याला रबराला घासून खर्र करत होतं.

प्रमुख धावतच आली. “आजी, वस्तूंना हात लावायचा नाही.”

“चाळीस वर्षांपूर्वी लावला तो कुणी बघितला नाही, म्हणून आज परत लावला.” धाकटीने चावी भावापुढे धरली. “काळजी करू नकोस, बाई. कारागीर इथेच आहेत. तीन स्पोक आहेत, दोन मिनिटांचं काम. घे रे दादा.”

एव्हाना सगळे पाहुणे भोवती जमले होते. दादाला नाही म्हणता आलं असतं. पण अंगात तो कोट होता आणि कोटावर तो बिल्ला. त्याने चावी घेतली, गुडघ्यावर हात टेकत खाली वाकला आणि चाकाच्या तळाशी चावी लावून कुठलाही स्क्रू आवळावा तशी उजवीकडे फिरवली.

तिथे वरून बघणाऱ्याला स्पोक उलटा आवळावा लागतो. उजवीकडे फिरवला की तो सुटतो. चाक बांधायला शिकणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी हीच चूक करतो. दुसऱ्या दिवशी कुणी करत नाही.

दादाने तिन्ही स्पोक फिरवले. मग, अजून कमी पडलं असेल म्हणून, आणखी एकेकदा. घाम पुसून त्याने चाकाला जोर दिला. चाक अर्धा फेरा गेलं, रबराला अडलं आणि थांबलं.

प्रमुखाने चाकाकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, मग दादाकडे. दादाचे कान लाल झाले होते. धाकटीला त्याची दया आली, पण तेवढ्याने ती विरघळणार नव्हती.

“आजी,” प्रमुख हळूच म्हणाली, “तुम्ही द्याल का सरळ करून?”

धाकटी जाऊन बाकावर बसली. पिशवी तिने मांडीवर घेतली.

“देईन की. अर्ज लिही. कुणाच्या नावाने लिहायचा, ते हे कारागीर सांगतील.”

दादाने नाव सांगितलं.

“ऐकू आलं नाही,” धाकटी म्हणाली.

चावी हातात धरून दादा सरळ उभा राहिला आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं बहिणीचं नाव त्याने पुन्हा उच्चारलं.