धुरात दिसावी म्हणून

संग्रहालयात जुन्या सैनिकी कोटासमोर मार्गदर्शक सांगत होते, “रंग भडक लाल का? तोफांच्या धुरात सेनापतीला आपली माणसं दिसावीत म्हणून.” लेकीलाही मी लाल टोपी घालते, गर्दीत सापडावी म्हणून. “म्हणजे शत्रूलाही दिसत असणार!” नवरा हसला. “तर! नेम त्यावरच धरायचे,” मार्गदर्शक म्हणाले. मी लगेच लेकीच्या डोक्यावरची टोपी काढून पर्समध्ये कोंबली. “आता कोटालाही घाबर!” नवऱ्याने चिडवलं. चिलखतांच्या दालनात शाळेची सहल घुसली आणि चिमुकला हात माझ्या हातातून निसटला. इतक्या डोक्यांत वेड्यासारखी लाल रंग शोधत राहिले. तो माझ्याच पर्समध्ये होता. हाका गोंगाटात विरल्या. टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवून बाकावर उभी राहिले. सगळे वळून बघू लागले. शेवटी चिलखतामागून रडवेला आवाज आला, “आई, ती माझी टोपी आहे!”