रुमालाखालचा हात

माणिकबाईने टोपली उपडी केली, वांग्यांचा ढीग पडला आणि वेशीबाहेरचा तो भाजीबाजार गप्प झाला. एरवी या वेळी तेल्हाऱ्याच्या या बाजारात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

पहिल्या ढिगाची हर्रास, म्हणजे लिलाव, मुस्तकीम चाचाच पुकारत. मधले दोन महिने लोकांनी कसंबसं निभावलं. आज ते परत आले होते, पण गळ्याला पांढरी पट्टी होती आणि गळ्यात आवाज नव्हता. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला. ऐंशीच्या घरातला माणूस. लोकांनी हाताला धरून ढिगापाशी आणलं, पाया पडले, कुणी रडलंसुद्धा. रडून मोकळे झाल्यावर मात्र सगळ्यांच्या मनात एकच आलं, आता पुकारणार कोण?

चाचा तरुणपणी उत्तरेतल्या प्रतापगढकडून आले आणि इथेच राहिले. उभा जन्म इथे गेला, तरी बाजार त्यांना परदेशी चाचा म्हणतो, आणि त्यांनीही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. पाण्याचा हौद, वरचे पत्रे, बायांसाठी संडास, बाजारात जे काही उभं आहे ते चाचांनी कुणाशी तरी भांडूनच उभं केलं. सगळ्यात मोठं भांडण रुमालाचं. पूर्वी दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, एक बोट म्हणजे शंभर. पिकवणारा समोरच उभा असायचा, पण त्याला दिसायचा नुसता रुमाल. आत चारशे ठरायचे, बाहेर तीनशे सांगायचे. चाचा स्वतः दलाल, तरी त्यांनीच एक दिवस रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि पुकारायला लागले, "बोलो भाई, खुल्ला बोलो!" तेव्हापासून इथला भाव तोंडानेच होतो.

मोतीराम व्यापारी पुढे आला. माणूस मोठा गोड. त्याने चाचांच्या खांद्यावरचा रुमाल अदबीने काढून घेतला.

"चाचा, आवाज गेला तं गेला, बोटं तं शाबूत हायेत. आपन रुमालात सौदा करू. पहिला मान तुमचाच राहीन."

यात खोट काढायला जागाच नव्हती. रुमाल आला तर चाचांची जागा राहणार होती. नाही आला तर उद्यापासून त्यांनी घरी खाटेवर बसून राहायचं. माणिकबाईला हे कळलं, आणि आपल्या वांग्यांचं काय होणार तेही कळलं. पण ज्या माणसामुळे पोरी उजवता आल्या, त्याचा मान काढून घ्या असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? ती पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिली.

चाचांनी तिच्याकडे पाहिलं, मोतीरामकडे पाहिलं आणि उजवा हात पुढे केला.

मागे कुणीतरी हळहळलं. मोतीरामने हातावर रुमाल पसरला आणि खाली आपला हात घातला. रुमाल जरासा हलला. चाचांनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा रुमाल हलला, आणि आता चाचांनी नकार दिला नाही. मोतीराम हसला. सौदा झाला असं समजून माणिकबाईने मान खाली घातली.

तेवढ्यात चाचांनी डाव्या हाताने रुमाल ओढून जमिनीवर टाकला आणि उजवा हात होता तसा वर उचलला. मोतीरामची मूठही वर गेली, कारण चाचांनी ती अंगठ्याने पक्की दाबून धरली होती. त्या मुठीत चाचांची दोन बोटं होती. मोतीराम हात सोडवून घ्यायला बघत होता, पण म्हातारा काही सोडेना. अख्ख्या बाजाराने ती बोटं पाहिली.

माणिकबाई इतकी वर्षं भाजी आणत होती, पण हर्राशीत तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. आज ती बाजाराकडे वळली.

"मोतीरामभाऊ टोपल्यामागं दोनशे म्हनून राहिले. पाहून घ्या माहे वांगे, अन् बोला."

हशा पिकला. हौदाकडून अडीचशे आले, फाटकाकडून तीनशे. मोतीरामचे कान तांबडे झाले. शेवटी चारशे बोलला तो मोतीरामच. नाक तर कापलंच गेलं होतं, निदान वांगी तरी हातची जाऊ नयेत. चाचांनी टाळी वाजवली आणि सौदा पक्का झाला.

"अन् उद्या कोन पुकारन?" मोतीरामने हात चोळत विचारलं.

"चाचा हात वर करतीन," माणिकबाई म्हणाली, "बोलाले आमी आहो."

तिने जमिनीवरचा रुमाल उचलून झटकला, त्याला पीळ देऊन त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवून वर रिकामी टोपली चढवली. चाचा ते पाहत होते. पाहता पाहता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला रुमाल शोधत हात खांद्याकडे गेला. रुमाल नव्हता. ते हसले, बाहीने डोळे पुसले आणि पुढच्या ढिगापाशी जाऊन उभे राहिले.

त्यांनी हात वर केला. ओठ हलले. आणि हौदापासून फाटकापर्यंत सगळा बाजार ओरडला, "बोलो भाई, खुल्ला बोलो!"