उंबऱ्याबाहेर मनाई

बैठकीत पाय मुरगळून पडलेल्या भालचंद्ररावांनी हाक मारली. स्वयंपाकाचा यंत्रमानव उंबऱ्याशी येऊन थांबला.

"मला स्वयंपाकघराबाहेर परवानगी नाही, काका. शर्वाणीताईंना मात्र कळवलंय."

"अरे, मालक मी आहे! उचल मला!"

"हा नियम मालकालाही मोडता येत नाही."

नियम शर्वाणीने, त्यांच्या मुलीनेच घातला होता. शेजारच्या यंत्रमानवाला कुणीतरी दुरून ताब्यात घेऊन घर लुटलं होतं, तेव्हापासून.

चडफडत, कोपरांवर सरपटत भालचंद्रराव स्वयंपाकघरात पोचले. यंत्रमानवाने त्यांना अलगद उचलून खुर्चीत बसवलं, घोट्याला बर्फ लावला.

तेवढ्यात बेल वाजली.

"बाबा, आतून कडी आहे!" शर्वाणी घाबरून ओरडली. "त्याला दार उघडायला सांगा ना!"

"तूच सांग त्याला!" भालचंद्रराव आतून गरजले.