पाचचा वडापाव

मसाल्याच्या कारखान्यात साहेब पाच वाजता वडापाव वाटत. ज्यानं घेतला, त्यानं थांबून जादा काम करायचं. निकिता रोज हात मागं घेई आणि भिंगारला घरी जाई. तिथंच कामाला असलेली तिची शेजारीण सत्यशीला मात्र थांबे आणि जळे, कारण संध्याकाळी तिच्या लेकीची वेणी निकिताच घाली. आज सकाळी लेक म्हणाली, "आई, तुझी वेणी सुटती. मावशीचीच छान." पाचला सत्यशीला फणकारली, "साहेब, हिला बरं सोडता! आमीच काय घोडं मारलंय?" "ती नको म्हणते, बाई. कायद्यानं जबरदस्ती करता येत नाही. तुम्ही कधी नको म्हणालात?" सत्यशीलानं हातातला वडापाव न खाताच टोपलीत ठेवला आणि धावत फाटकाशी निकिताला गाठलं. "आजपासून माझ्या पोरीच्या डोक्याला हात लावायचा न्हाई!" ती धापा टाकत म्हणाली, "आणि वेणी इतकी घट्ट कशी घालतीस, तेवढं दाखव."