सातवी आवृत्ती

"नाव तेवढं बदला, सर," गुंडू म्हणाला. "दुसरं काय मागत न्हाय."

शांतवन समुद्रे सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. टेबलावर त्यांच्या पुस्तकाच्या सातव्या आवृत्तीची प्रुफं पसरली होती. सोमवारी ती छापखान्यात जायची होती.

"कुणाचं नाव?"

"माझं. पुस्तकातलं. वारणानगरचं स्थळ आलतं काल. पोराच्या मामानं तोंडावर इचारलं, चर्चच्या बाईंना दगडानं मारलं, तो गुंडू तुमीच काय? मी व्हय म्हनलं. पोह्यांच्या बश्या तशाच ठिवून उठली माणसं. तिसरं स्थळ हाय हे."

शेजारी त्याची मुलगी वर्षाराणी मान खाली घालून बसली होती. बी.एस्सी. करून ती दूध संघाच्या प्रयोगशाळेत लागली होती. बापानं ते पुस्तक घरात कधी येऊ दिलं नव्हतं. आता समोरच पडलेलं दिसल्यावर तिनं पानं ओढून घेतली.

चौदा वर्षांपूर्वी शहर दोन गटांत पेटलं होतं. सरांनी शांतता फेरी काढली, तिच्यावर दगड आले आणि सरांची बायको, रूथबाई, रस्त्यातच गेली. गुंडू त्या जमावात होता. मित्रांच्या नादानं मुरगूडहून आला होता. त्यानं एक दगड मारला आणि पळताना सापडला.

पहिले दोन दिवस तो चौकीत एवढंच सांगत होता की, आपला दगड कुणाला लागला ते आपल्याला ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी सर आले. गजांतून त्याचे दोन्ही हात धरून म्हणाले, "मी तुला क्षमा केली आहे." गुंडू लहान पोरासारखा रडला. एवढा मोठा माणूस माफ करतोय म्हणजे आपणच मारलं असणार. उगाच कोण कशाला माफ करेल? त्याच संध्याकाळी त्यानं कबुली दिली. सात वर्षं आत काढली.

सुटला तेव्हा दारात सरच उभे होते. तिथून पुढं शाळा, कॉलेजं, चर्च. सर क्षमेवर बोलायचे, शेवटी गुंडूला उभं करून मिठीत घ्यायचे. लोक डोळे पुसायचे. गुंडूला त्याचं कधी काही वाटलं नाही. सरांनी बोलावलं की तो म्हशीची धार बायकोवर सोपवून एसटीत बसायचा.

"हे पुस्तक म्हणजे साक्ष आहे, गुंडू," सर म्हणाले. "साक्षीत खोटं नाव चालत नाही."

"मग गुंडूच्या जागी बंडू घाला की. कुणाला कळतंय?"

"मला कळेल."

"तुमाला कळून काय बिघडलं? खरं काय ते तुमाला ठाऊकच हाय की!"

सरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "पुढच्या रविवारी पुरस्काराचा कार्यक्रम आहे. तू मंचावर हवास."

"येतो. कधी न्हाय म्हनलोय? पर पोरीचं बी बघा. पाप माझं, आन् उंबऱ्यावरनं पावणं परत जात्यात तिच्या."

"सर, एक विचारू?" वर्षाराणीचं बोट एका ओळीवर होतं. "बाई सगळ्यांच्या पुढं होत्या. जमावाकडं तोंड करून, हात वर करून. असंच लिहिलंय ना?"

"हो."

"आणि मार डोक्याच्या मागच्या बाजूला."

"ती वळली असेल. माझ्याकडे बघायला. सगळे तसंच म्हणतात."

"पण पान एकतीसवर तुम्हीच लिहिलंय, 'ती शेवटपर्यंत मागे वळली नाही.'"

ते वाक्य प्रत्येक सभेत टाळ्या घ्यायचं.

"वर्षे, गप," गुंडू खेकसला. "सरांना शिकवाय लागलीस व्हय? चार बुकं वाचली न्हाईत तवर!"

"शिकवत न्हाय आप्पा, मला समजंना म्हणून विचारतेय. तुमचा दगड कुठनं गेला?"

"समोरनं. आमी समोरच हुतो की."

"म्हणजे बाईंच्या तोंडाकडनं." ती सरांकडे वळली. "त्यांच्या मागं कोण होतं, सर?"

"आमचेच लोक."

"त्यांच्यातल्या कुणाला आधी लागलं होतं का?"

"मला. खांद्यावर. पायाशीच पडला तो दगड. तोवर आयुष्यात मला कुणी मारलं नव्हतं."

गुंडूनं दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. "माझाच असंल तो बी. चुकलं सर. पोरीकडं ध्यान दिऊ नका. तिला काय कळतंय त्या दिवसाचं?"

"तिला कळतंय," सर म्हणाले. त्यांनी ते पान वर्षाराणीच्या हातातून घेतलं, समोर सरळ ठेवलं आणि पेन उघडलं. "नाव बदलायचं ना तुला?"

"व्हय सर! कुणाचं बी घाला."

"कुणाचंही नाही. खोटं नाव घालणार नाही म्हटलं ना."

तरी त्यांनी 'गुंडू' या शब्दावर आडवी रेघ मारली. गुंडूला हुंदका आवरेना. वाकून त्यानं सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. सरांनी पाय मागे घेतले, पण त्यानं ते सोडले नाहीत. वर पेन कागदावर हळूहळू चाललं होतं.

सरांनी पान उलटं फिरवून वर्षाराणीपुढं सरकवलं आणि म्हणाले, "मोठ्यानं वाच. त्याला ऐकू जाऊ दे."

"'रूथला लागलेला दगड,'" वर्षाराणीनं वाचलं, "'शांतवनच्या हातून सुटला होता.'"