शेवट कसा वाटला?

उडणाऱ्या सुपरहिरोच्या मालिकेचा आज शेवट होता आणि आमच्या चॅनेलच्या ऑपरेटरनं चुकून मागच्याच आठवड्याचा भाग पुन्हा लावला. भाग संपल्यावर त्याच्या ते लक्षात आलं आणि तो धावतच आमच्या साहेबांकडे आला.

"साहेब, गेली माझी नोकरी!"

साहेबांनी मोबाइलवर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया उघडल्या.

'असला शेवट? लेखकाला लाज वाटायला हवी!'
'मी तर ढसाढसा रडले.'
'मला हा शेवट पहिल्याच भागात कळला होता.'
'शेवट बदला, नाहीतर चॅनेल बंद करा!'

स्वतःला मोठा समीक्षक समजणाऱ्या माझ्या मेहुण्यानं तर हिरोला मारल्याबद्दल भलामोठा निषेध खरडला होता. त्या भागात हिरोला साधं खरचटलंही नव्हतं! पण मोबाइलमधून डोकं वर काढून टीव्हीकडे बघतंय कोण? चूक एकाही शहाण्याच्या ध्यानात आली नव्हती.

साहेबांनी ऑपरेटरच्या पाठीवर थाप मारली.



"खरा शेवट उद्या लाव. आणि वर मोठ्या अक्षरात पाटी टाक: खास लोकाग्रहास्तव, बदललेला शेवट!"