अर्ध्यावरचा झेंडा

"ओढा की, गुरुजी!" मुख्याध्यापिका वेरोनिकाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"ओढतोच आहे. त्याने यायला नको?"

राष्ट्रगीत संपलं आणि लाल-पांढरा झेंडा खांबाच्या मध्यावरच लटकत राहिला. लांबर्टस गुरुजींनी दोरीला हिसका दिला. झेंडा वर जाईना, खालीही येईना. टोकाशी दोरी कप्पीच्या खाचेतून निसटून चाकाशेजारच्या फटीत रुतली होती. सतरा ऑगस्ट, इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. सोलोर बेटावरचं सगळं गाव शाळेच्या मैदानात, आणि झेंडा मात्र दुखवट्यासारखा अर्ध्यावर!

गुरुजी निवृत्त झाले तरी दोरीला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. त्यामुळे सगळे त्यांच्याकडेच बघत होते. वर चढावं तर लोखंडी नळी बारीक, माणसाच्या वजनाने वाकली असती. खांब आडवाच करायला हवा होता. बुंध्याशी तो दोन बोल्टांवर उभा होता. खालचा काढला की वरच्यावर कलून खाली येणार. पण खाऱ्या वाऱ्याने तो बोल्ट गंजून बसला होता. गुरुजींनी त्यावर रॉकेल ओतलं आणि पाना घेऊन तिथेच फतकल मारली.

समोर, चिंचोळ्या समुद्रापलीकडच्या आदोनारा बेटावर त्यांचा धाकटा भाऊ पास्कालिस जाळं आवरत होता. दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. वडिलांची जुनी होडी गुरुजींनी न विचारता फोडली आणि तिच्या फळ्यांचे शाळेला बाक केले. त्या रागात पास्कालिस गाव सोडून गेला, तो गेलाच. आता त्याने मान वर केली आणि जाळं हातातून गळालं. आजच्या दिवशी त्या गावात झेंडा कोणासाठी खाली येणार? एकाच माणसासाठी.

दुपारी त्याची होडी सोलोरला लागली. होडीत दुखवट्याच्या जेवणासाठी बकरा, तांदळाचं पोतं, आणि त्याच्या खांद्यावर मयताला पांघरायचं हातमागाचं वस्त्र. मोठमोठ्याने रडत तो मैदानात शिरला. खांबापाशी कोणी म्हातारा पाठमोरा बसला होता.

"कुठे ठेवलंय त्याला?"

गंजाने माखलेला चेहरा वळला. "कोणाला?"

पास्कालिस मटकन खालीच बसला. "तू... तू मेला नाहीस?"

"अजून तरी नाही. का रे, घाई आहे?"

"मग झेंडा खाली का?"

"कप्पी अडकलीय, गाढवा!"

सगळं मैदान खदखदून हसलं. पास्कालिसही हसला, पण त्याचे डोळे काही थांबेनात. "परत असं केलंस ना, दादा, तर मीच मारीन तुला!"

गुरुजींनी त्याच्या खांद्यावरचं वस्त्र ओढून स्वतःभोवती गुंडाळलं. "छान विणलंय. माझ्यासाठीच आणलंस ना? मग आता परत मिळायचं नाही."

दोघा भावांनी मिळून पान्यावर भार टाकला. बोल्ट करकरत फिरला. खांब आडवा झाला, दोरी खाचेत बसली, चाकाला खोबरेल लागलं. खांब पुन्हा उभा राहिला. राष्ट्रगीत दुसऱ्यांदा झालं, पहिल्यापेक्षा बेसूर आणि दुप्पट जोरात, आणि झेंडा थेट टोकावरच्या गोळ्याखाली जाऊन फडफडला. गुरुजींनी दोरी खुंटीला आवळली. बकरा सणाच्या चुलीकडे गेला.

संध्याकाळी झेंडा उतरला. होडीकडे जाताना पास्कालिस अडखळत म्हणाला, "दादा, एक सांगू? मी रोज सकाळी तिकडून या खांबाकडे बघतो. झेंडा वर गेला की कळतं, तू उठलास. मग होडी काढतो."

गुरुजी माघारी वळले, घडी घातलेला झेंडा घेऊन वेरोनिकाबाईंकडे गेले आणि तो त्यांच्या हातांत ठेवला.

"उद्या तुम्ही चढवा, बाई. मी पलीकडून बघणार आहे."